फाळक्यांच्या घरातला काळोख

आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. दुपारपासून लाऊडस्पीकरवर गाणी लागायची, पण खेळ काही सुरू व्हायचा नाही. कारण सूर्य मावळायचा बाकी असायचा. तंबूच्या कापडातून उन्हाची तिरीप आत आली तरी पडद्यावरचं चित्र पुसट होतं, म्हणून सगळं गाव अंधाराची वाट बघत बसायचं. आई दशम्यांचा डबा घेऊन, आम्हा भावंडांना कुशीत घेऊन मातीवर बसायची. मग मागच्या बाजूने घर्रर्र आवाज व्हायचा आणि आमच्या डोक्यावरून धुळीने भरलेला एक पांढरा झोत पुढे जायचा. मी सिनेमा कमी आणि तो झोतच जास्त बघायची.

लग्न होऊन मुलुंडला आले त्याला आता वीसेक वर्षं झाली. इथे अंधार मिळतच नाही. रात्री बारा वाजताही खिडकीत रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा उजेड असतो. म्हणूनच की काय, आमच्या बचत गटातल्या बायकांनी वस्तीतल्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी एक खूळ काढलं. एक हॉल पूर्ण अंधारा करायचा, त्यात मुलांना बसवायचं आणि नुसत्या उजेडाने आणि आवाजाने त्यांना एका माणसाचं आयुष्य सांगायचं. माणूस कोण ते ठरवायला वेळ लागला नाही. ३० एप्रिल जवळ आला होता आणि तो दादासाहेब फाळके यांचा जन्मदिवस. शिवाय मुलुंडच्या मागचा डोंगर ओलांडला की पलीकडे गोरेगावला त्यांच्याच नावाची चित्रनगरी आहे. आमच्या वस्तीतली दोन-चार मंडळी तिथे सेटवर सुतारकामाला, रंगकामाला जातात. मुलांना फाळके हे नाव माहीत होतं, पण माणूस माहीत नव्हता.

खरं सांगायचं तर मलाही अर्धवटच माहीत होता. म्हणून आधी मी वाचायला बसले. बीएला इतिहास होता, पण त्यात लढाया आणि तह, असली माणसं कुठून असणार?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. पुढे विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली म्हणून घर मुंबईला आलं. मुलगा मात्र पौरोहित्याकडे न जाता रंगांकडे गेला. १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, तिथून बडोद्याला कलाभवनात. चित्रकला, मातीकाम, फोटो काढणं, फोटो छापणं, जे दिसेल ते शिकायचं. अशी मुलं आपण बघतो ना, ज्यांच्याबद्दल घरातली मोठी माणसं काळजीने म्हणतात की हा एका ठिकाणी टिकणार नाही. फाळके अगदी तसे.

गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा धंदा काढला. १९०० च्या सुमारास तिथे प्लेग आला आणि त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेलं. ते परत बडोद्याला आले. तिथे फोटोचा धंदा पुन्हा मांडला तर लोक यायला तयार नाहीत, कारण कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो अशी समजूत पसरलेली. मग नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि आपल्या आडनावाची अक्षरं उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने खेळ करायला लागले. मला ही जादूची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. काळ्या पडद्यापुढे, कमी उजेडात, लोकांची नजर हवी तिकडे वळवायची हे त्यांनी इथे शिकून घेतलं. पुढे पडद्यावर माणसं अदृश्य करणारा आणि ज्वाळांतून देव बाहेर काढणारा माणूस म्हणून ते ओळखले गेले, त्याचं मूळ इथे आहे.

१९०२ साली त्यांचं दुसरं लग्न झालं. मुलगी करंदीकरांची, नाव गिरिजा, किर्लोस्कर नाटक मंडळीशी नातं असलेलं घराणं. लग्नानंतर त्या सरस्वतीबाई झाल्या. आमच्या कार्यक्रमात या बाईंना किती जागा द्यायची यावरून पुढे गटात चांगलीच वादावादी झाली, पण ते नंतर सांगते.

मधली काही वर्षं भराभर सांगते. पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडून लोणावळ्याला छापखाना, राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचं काम, मग छापखाना दादरला, १९०९ साली यंत्रं आणायला जर्मनीची वारी. धंदा उत्तम चालला होता आणि भागीदारांशी बिनसलं. फाळके हात झटकून बाहेर पडले. वय चाळीस. आपल्याकडे चाळिशीत नोकरी सुटली तर घरात किती दिवस चूल शांत पेटते ते आपल्याला ठाऊक आहे.

अशा रिकाम्या दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, ते गिरगावात एका तंबूवजा सिनेमागृहात गेले. पडद्यावर येशू ख्रिस्ताचं चरित्र चाललं होतं. ते बघताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण दिसायला लागले. आपले देव, आपली माणसं, आपले डोंगर असे हलताना का दिसू नयेत? ते घरी आले आणि सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा तोच खेळ बघायला गेले. माझ्या मते त्या रात्री दोघं गेले ही गोष्ट ते एकटे गेले त्यापेक्षा मोठी आहे.

अंधारात उजेडाचे खेळ आपल्याकडे त्याआधी नव्हते असं नाही हं. मुलुंडहून लोकलने पाऊण तासाच्या आत पोचता येणाऱ्या कल्याणात पटवर्धन कुटुंबाने १८९२ च्या सुमारास शांबरिक खरोलिका सुरू केली होती. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा, शेजारी निवेदन आणि गाणं. विलायती मॅजिक लँटर्नचं मराठी रूप. १८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. सावेदादा म्हणजे भाटवडेकरांनी १८९९ मध्ये कुस्तीचं चित्रण केलं. दादासाहेब तोरण्यांचं पुंडलिक १९१२ मध्ये आलं. पण स्वतः यंत्र आणून, घरात फिल्म धुऊन, पूर्ण लांबीची गोष्ट रचून दाखवायची हे फाळक्यांनी केलं.

त्यासाठी मोल फार पडलं. वर्षभर त्यांनी हाताला येईल ते वाचलं, रोज चार-चार, पाच-पाच तास सिनेमे बघितले, रात्री प्रयोग केले, झोप नाही. शेवटी डोळे गेले. काही दिवस त्यांना दिसेनासंच झालं होतं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि वेगवेगळ्या चष्म्यांनी नजर परत आली. घरात लहान मुलं, धंदा नाही, उत्पन्न नाही, आणि कर्ता पुरुष अंथरुणात, डोळ्यांना पट्टी. मी ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. आमच्या वस्तीत मी अशी घरं पाहिली आहेत. त्या घरातली बाई काय म्हणते? आता हे खूळ पुरे, असंच म्हणते. मीही तेच म्हटलं असतं.

सरस्वतीबाईंनी म्हटलं नाही. नजर परत आल्यावर फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते बोटीने लंडनला गेले. तिथे ओळखदेख नसताना बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत शिरले. संपादक कॅबर्न भला माणूस निघाला. त्याने सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत त्यांना काम बघायला पाठवलं. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवलं आणि दोन महिन्यांत परत आले. बिऱ्हाड दादरला हललं.

आता मैत्रिणींनो, इथे थोडी तांत्रिक माहिती सांगते, कारण या लेखाचं सगळं बळ त्यात आहे. तेव्हा कच्ची फिल्म कोरी पट्टी म्हणून यायची, दोन्ही कडांना भोकं नसायची. भोकं नसली तर कॅमेऱ्यातलं दातेरी चाक ती पुढे ढकलणार कसं? म्हणून आधी यंत्राने कडेला भोकं पाडायची. ही फिल्म उजेड लागला की खराब. फक्त मंद लाल दिवा चालतो, कारण त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. म्हणजे ते काम काळोखात, स्पर्शाने, बोटांच्या अंदाजाने करायचं. आणि हे काम कोणी केलं? सरस्वतीबाईंनी. दिवसभराचा स्वयंपाक, मुलं, पाहुणे आवरून रात्री त्या अंधाऱ्या खोलीत बसायच्या.

मी सहज हिशेब मांडला. राजा हरिश्चंद्र हा चित्रपट सुमारे ३७०० फूट लांबीचा. एका फुटात सोळा चित्रं. एका चित्राला दोन्ही बाजूंना चार-चार, म्हणजे आठ भोकं. गुणाकार केला तर पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं होतात, आणि ती फक्त एका प्रतीची. वाया गेलेली फिल्म वेगळी, मूळ निगेटिव्ह वेगळी. यंत्र हाताने चालवायचं, दाबायचं, पट्टी सरकवायची, पुन्हा दाबायचं. एक भोक तिरकं गेलं तर चित्र पडद्यावर नाचणार.

हा आकडा मी गटाच्या बैठकीत सांगितला. आमच्यात एक मावशी आहेत, घरी बसून खोट्या दागिन्यांत खडे चिकटवतात. ग्रॉसवर पैसे मिळतात. एक ग्रॉस म्हणजे एकशे चव्वेचाळीस नग, आणि हातात पडतात ते सांगायला लाज वाटावी इतके थोडे. त्यांनी शांतपणे विचारलं की पावणेपाच लाखांचे त्या बाईला किती मिळाले. सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत.

वाद तिथून सुरू झाला. काहींचं म्हणणं, जयंती दादासाहेबांची आहे, मुलांना त्यांचीच गोष्ट सांगा, बायकोचं कशाला मधे. काहींचं म्हणणं, मग कार्यक्रमातला अंधार कोणाचा? मी मधल्या मधे. शेवटी मावशींनी निकाल दिला. कार्यक्रमाच्या सुरुवातीला पाच मिनिटं काहीच दाखवायचं नाही. पूर्ण काळोख, फक्त एक लाल दिवा, आणि भोकं पाडण्याचा आवाज. तो आवाज त्या स्वतः काढणार, वह्यांना भोकं पाडायच्या पंचिंग मशीनने.

फिल्म हातात आली तरी पैसे उभे राहायचे होते. त्यासाठी फाळक्यांनी एक गोड युक्ती केली. कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर रोज थोडी थोडी चित्रं घेत गेले. ती सलग दाखवली तेव्हा मिनिटभरात बी फुटून वेल वर चढला. जादूच. ते बघून कर्ज देणाऱ्यांचा विश्वास बसला. तरी ते पुरेसं नव्हतं, मग सरस्वतीबाईंचे दागिने गेले. दागिने गेले हे आपण पटकन लिहून मोकळ्या होतो. पण ज्या काळात बाईच्या नावावर दुसरं काहीच नसायचं, त्या काळातले ते दागिने.

१९१२-१३ मध्ये राजा हरिश्चंद्रचं काम चाललं. नट मिळेनात. सिनेमात काम करतो म्हणून सांगितलं तर लोक नाकं मुरडायचे, म्हणून मंडळींनी बाहेर सांगायचं ठरलं की आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या चित्रपटाचं नाव त्यावरूनच आलं. तारामतीसाठी बाई मिळाली नाही, अगदी कोठ्यावरच्या बायकांनीसुद्धा नकार दिला. मग ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके सापडले. महिना पंधरा रुपयांवर ते तारामती झाले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. हरिश्चंद्र म्हणजे दत्तात्रय दामोदर दाबके.

सगळी मंडळी फाळक्यांच्या घरीच. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे. चित्रीकरण उन्हात, कारण विजेचे दिवे नाहीत. नटांच्या चेहऱ्यावर उजेड वळवायला पांढऱ्या चादरी धरून तासन् तास उभं राहायचं, तेही त्या करायच्या. दिवसा उजेड धरून उभी, रात्री काळोखात बसलेली. रसायनं कालवणं, फिल्म धुणं, वाळवणं, जोडणं, सगळं त्या शिकल्या होत्या. आजच्या भाषेत त्यांना चार-पाच हुद्दे द्यावे लागतील.

२१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरमध्ये निवडक लोकांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये राजा हरिश्चंद्र लागला. एका खेळात सिनेमाबरोबर नाच, नकला, कसरतीही असायच्या, कारण नुसत्या मूकपटासाठी लोक बसतील की नाही याची खात्री नव्हती. मूकपट म्हणजे गप्प पट असं मात्र समजू नका. त्या काळच्या थिएटरांत पडद्याशेजारी पेटी-तबलावाले बसायचे, पाट्या वाचता येत नसतील त्यांच्यासाठी कोणी मोठ्याने वाचून दाखवायचं. काळोख, समोर उजेड, कानांत पेटी, शेजारी माणसांचा श्वास.

सुरतेला पहिल्या खेळाला गल्ला जमला तीन रुपये. थिएटरवाला कुरकुरला. फाळक्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार फोटोंचा, दोन मैल लांबीचा खेळ फक्त तीन आण्यांत. गर्दी लोटली. मी पुन्हा आकडेमोड केली. फोटोंचा आकडा बरोबर आहे, माझ्या हिशेबाच्या जवळच येतो. दोन मैल मात्र साफ थाप. एक मैलही होत नाही! प्रोफेसर केळफा कुठे तरी शिल्लक होतेच म्हणायचे.

पुढे कंपनी नाशिकला गेली. त्याच वर्षीच्या मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. पडद्यावरच्या पहिल्या भारतीय स्त्रिया म्हणून त्यांची नावं घेतली जातात. या कमलाबाई म्हणजे विक्रम गोखले यांची आजी. १९१७ च्या लंकादहनमध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके! पडद्यावर राम आला की लोक चपला काढून ठेवायचे, नमस्कार करायचे. १९१८ च्या श्रीकृष्णजन्म आणि १९१९ च्या कालियामर्दनमध्ये कृष्ण झाली फाळक्यांची लेक मंदाकिनी, जेमतेम सात-आठ वर्षांची. कालियामर्दन आजही जवळपास पूर्ण बघायला मिळतो. सुरुवातीला त्या चिमुरडीचा नुसता चेहरा दिसतो, एकामागून एक भाव बदलत जाणारा. बघाच.

पैसा आला तशी भागीदारी आली. १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, फाळक्यांचा स्वभाव आणि भागीदारांचा हिशेब जुळेना. वैतागून ते काशीला जाऊन राहिले, तिथे रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं, परत आले, पुन्हा चित्रपट काढायला लागले. छोटेमोठे धरून शंभराहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर सांगितले जातात. १९३१ साली आलम आरा आला आणि पडदा बोलायला लागला. फाळक्यांचा सेतुबंधन तेव्हा पैशांअभावी रखडला होता. तो मूक म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज चिकटवावा लागला. १९३७ साली, सदुसष्टाव्या वर्षी, कोल्हापुरात त्यांनी गंगावतरण हा एकच बोलपट केला. मग नाशिकला जाऊन राहिले. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते गेले तेव्हा सिनेमाचा धंदा केवढा तरी वाढला होता आणि त्या धंद्याला त्यांची आठवण फारशी राहिली नव्हती. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार १९६९ पासून दिला जातो, म्हणजे पंचवीस वर्षांनी. राजा हरिश्चंद्रचीही पूर्ण फिल्म उरली नाही, थोडाच भाग पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात जपला आहे. दादरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. सरस्वतीबाईंच्या नावाचा रस्ता मी तरी पाहिलेला नाही.

आता आमच्या कार्यक्रमाचं सांगते. अंधार करणं हे सगळ्यात अवघड काम आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. हॉल मिळाला, पण त्याला वर झरोके, बाजूला काचेच्या खिडक्या, दाराखाली फट. काळे कागद लावले तर चिकटपट्टी उन्हाने सुटली. चादरी लावल्या तर उजेड गाळून आत आला. मग घरोघरच्या गोधड्या गोळा केल्या. वस्तीतल्या बायकांनी बाळंतपणातल्या, सासूबाईंच्या, गावाहून आणलेल्या गोधड्या दिल्या. दोन-दोन थर लावल्यावर कुठे हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसेना. पंखेही बंद ठेवावे लागले, कारण त्यांच्या वाऱ्याने गोधड्या हलत होत्या आणि त्यांच्या आवाजात पंचिंगचा आवाज बुडत होता. एप्रिल अखेरची दुपार, बंद खोली, चाळीस मुलं. मला वाटलं, दहा मिनिटांत सगळी पळून जातील.

दार लावलं. आधी रडारड झाली. एक लहानगी माझ्या पदराला घट्ट धरून बसली. मग लाल दिवा लागला, झिरोचा, त्यावर लाल जिलेटिन. आणि कोपऱ्यातून आवाज सुरू झाला. खट्, सरक, खट्, सरक. कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मुलं हळूहळू गप्प झाली. त्या पाच मिनिटांत मला पहिल्यांदा नीट कळलं की पावणेपाच लाख म्हणजे काय असतं. पाच मिनिटांत मावशींचा हात भरून आला होता.

मग बॅटरीच्या उजेडात वाटाण्याचा वेल. आमच्या एका कॉलेजातल्या पोरीने कागदावर साठ चित्रं काढून त्यांची वही केली होती, ती पानं फडफडवत मुलांच्या समोरून नेली. मग एकदम खिडकीची एक गोधडी बाजूला करून उन्हाचा पट्टा आत घेतला आणि दोघींनी पांढरी चादर धरून तो मुलांच्या तोंडांवर फिरवला. काय किंचाळली मुलं! शेवटी प्रोजेक्टरवर राजा हरिश्चंद्रची सुरुवात, जिथे राजा मुलाला धनुष्यबाण शिकवतो, आणि बाजूला आमच्या काकूंची पेटी. काकूंना भजनांपलीकडे काही वाजवता येत नाही, पण त्या दिवशी भजनाची चालही हरिश्चंद्राला चालून गेली. पाट्या आम्ही मोठ्याने वाचल्या, आणि दुसऱ्यांदा लावलं तेव्हा मुलांनीच वाचल्या.

सगळं संपल्यावर दिवे लावले तर मुलं उठेनात. एका मुलाने विचारलं की ती भोकं पाडणारी बाई दिसली का नाही. त्याला काय सांगावं ते मला सुचेना. मावशीच पुढे झाल्या, पंचिंग मशीन त्याच्या हातात दिलं आणि त्याला वहीचा एक कागद दिला. मग काय, रांगच लागली. हॉलभर कागदाच्या टिकल्यांचा सडा पडला आणि हॉलच्या झाडूवाल्या ताईंची बोलणी खाऊन तो आम्हीच झाडला.

गोधड्या अजून माझ्याकडेच आहेत. दोन कोणाच्या ते ओळखू येत नाही. पावसाळ्याआधी धुऊन परत करायच्या असं म्हणत होते, पण शेजारच्या वस्तीतल्या बायकांनी आता हाच कार्यक्रम त्यांच्याकडे मागितला आहे. हॉल त्यांचा, गोधड्या आमच्या असं ठरलंय. मावशींनी फक्त एक अट घातली आहे, या वेळी पंचिंग करायला दोघी हव्यात.